पाचव्या माळेचं पान

।। कुलस्वामिनी प्रसन्न ।।
जुन्नर, २६ एप्रिल २०२५

ती. शीलाताई यांस,

तुमच्या धाकट्या जावेचा, वैजयंतीचा वाकून नमस्कार. पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही हे बाजूला ठेवाल, हे धरूनच लिहिते आहे. बाजूला ठेवलंत तरी ठेवा, फाडू नका. कामाचं आहे.

फोन मुद्दाम केला नाही. तुम्ही उचलणार नाही, आणि उचललात तर चौथ्या वाक्याला आपल्या दोघींचे आवाज चढतील. कागदावर माणूस जरा दमानं बोलतं. मागच्या बाजूला दुकानाचं जुनं बिल आहे, त्याकडे लक्ष देऊ नका. एक बाजू कोरी असताना नवा कागद घ्यायला माझा हात होत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे.

इथे पेठेच्या वरच्या अंगाला एका ट्रस्टचं संग्रहालय झालं आहे. खाली जुनी भांडी, नाणी, शेतीची अवजारं. वर हस्तलिखितांचं ग्रंथालय. उन्हाळ्याच्या सुट्टीत कॉलेजच्या मुलांना दोन महिने तिथे घेतात, काम शिकवतात आणि वर महिन्याला पैसे देतात. इंटर्नशिप म्हणतात त्याला. आमच्या ह्यांचा आधी विश्वासच बसेना. म्हणाले, "शिकायला जायचं आणि पैसे त्यांनीच द्यायचे? काहीतरी गोम असणार बघ. पुढं कायतरी विकायला लावतील पोरीला." दोनदा जाऊन चौकशी करून आले, तेव्हा गप्प बसले.

तर आमची संस्कृती त्यात लागली. यादीत तिच्या खाली तिचंच आडनाव होतं. वृषाली. आपली वृषाली.

ताई, पारगावहून रोज येणं-जाणं पोरीला झेपायचं नाही. मंचरला एक, नारायणगावला एक अशा गाड्या बदलत यायचं, दहाच्या आत हजर व्हायचं. खोली घेतली तर मिळणारे सगळे पैसे खोलीतच जातील, मग कमवलं काय? आमच्याकडे राहू द्या. संस्कृतीच्या खोलीत जागा आहे. मोठ्या भाऊजींना काय सांगायचं ते तुम्ही बघा. पाच मे पासून काम आहे.

देवघरात सगळं ठीक. पोथीला रोज फूल वाहते.

तुमची,
वैजयंती

१७ मे

ती. शीलाताई,

तुमचं पत्र आलं नाही, पण वृषाली आली. खांद्यावर पिशवी, हातात कोथिंबिरीची जुडी. दारात उभी राहून म्हणाली, "काकू, आई म्हणाली, लोकाच्या घरी रिकाम्या हातानं जाऊ नको." लोकाच्या घरी! मी म्हटलं, "आईला सांग, लोकं बरी आहेत." हसली. हसताना तुमच्यासारखी खळी पडते तिला. सहा वर्षांची होती तेव्हा पडत नव्हती.

मागच्या शनिवारी तिच्यासोबत बेसनाचे लाडू पाठवले होते. डबा परत आला. धुतलेला, पुसलेला, रिकामा. भांडं रिकामं परत देऊ नये, निदान चिमूटभर साखर तरी घालावी, हे मला तुम्हीच शिकवलं होतं. मी नवीन आले होते तेव्हा मढच्या जुन्या एकत्र घरी, शेजारणीचं ताट मी रिकामं द्यायला निघाले होते, तर तुम्ही माझा पदर धरून मागे ओढलं होतंत. असो. आज त्याच डब्यात शेंगदाण्याची चटणी पाठवते आहे.

पोरींचं काम ऐकाल तर हसाल. दिवसभर मऊ कुंचल्यानं जुन्या कागदावरची धूळ झटकायची. मग प्रत्येक पानाला नंबर, त्याचा फोटो, त्याची नोंद. आमचे हे म्हणतात, "घरी जाळी काढायला सांगितलं तर हिला वेळ नसतो, तिथं पगार घेऊन धूळ झटकते." पण दोघी आल्या की जेवताना नुसतं तेच. मोडी, कसर, वाळवी, शाई. पहिले चार दिवस एकमेकींशी बोलत नव्हत्या. पाचव्या दिवशी एक जुना दस्त वाचताना दोघींना एकच अक्षर अडलं, तिथून तोंडं उघडली ती मिटतच नाहीत.

आता एक गोष्ट लिहिते, ती वृषालीकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावी. तिथल्या अश्विनी मॅडमनी मुलांना सांगितलं आहे, आपापल्या घरातलं जुनं काही असेल तर आणा. इथे साफ करू, दुरुस्त करू, फोटो काढू आणि परत देऊ. तीस जूनपर्यंत टेबल तुमचं, नंतर दुसरी कामं लागतील. घरी येऊन दोघी एका सुरात म्हणाल्या, पोथी.

मी साफ नाही म्हटलं. देवघरातली वस्तू चार लोकांच्या हातात, कुणी आंघोळ केलेली कुणी नाही, आणि उद्या काचेच्या कपाटात ठेवली तर? संस्कृती म्हणाली, "आई, अर्धी पोथी आहे ती. अर्धी मोठीआईकडे. जोडून बघू तरी." मी विषय बंद केला.

तेव्हा काळजी करू नका. आमच्या वाट्याची पोथी जागेवर आहे.

वैजयंती

७ जून

ती. शीलाताई,

डबा मिळाला. उघडला तर तळाला चिमूटभर साखर. मोजून चिमूटभर! मी ओट्याशी उभी राहून एकटीच हसले. हे विचारत होते, काय झालं. सांगितलं नाही. हे आपल्या दोघींचं.

मुलींना पहिला पगार झाला. मी संस्कृतीला म्हटलं, पाकीट आधी देवापुढे ठेव. तिनं ठेवलं. वृषालीनं तिच्या पाकिटातले अर्धेच पैसे ठेवले, अर्धे पर्समध्ये. मी म्हटलं, अगं सगळे ठेव, देव काय ठेवून घेणार आहे का? तर म्हणते, "काकू, इथं अर्धीच पोथी आहे ना, मग अर्धेच. बाकीचे घरी गेल्यावर." बोलणं ठेवू कुठे हिचं! तुमच्यापर्यंत आले असतीलच ते अर्धे.

आता खरं लिहिते. मागच्या पत्रात पोथी जागेवर आहे असं लिहिलं, तेव्हा ती जागेवर नव्हती. मी ती आदल्याच दिवशी संग्रहालयात नेली होती. तुम्हाला लिहायचं धाडस झालं नाही.

झालं असं, की पोरींना नाही म्हटल्यावर मनाला रुखरुख लागली, म्हणून पोथी सोडली. लाल वस्त्र बदलते एवढंच मनात होतं. ताई, वाटणीत गेणभाऊंनी पानं मोजून पहिली अर्धी आम्हाला दिली, पुढची तुम्हाला. तसंच पोथीच्या दोन लाकडी फळ्यांतली वरची आम्हाला आणि खालची तुम्हाला. पंच म्हणून बसले होते, त्यांना काय, सगळं समसमान झालं म्हणजे झालं. पण खालची फळीच नसल्यामुळे आमच्याकडचं शेवटचं पान इतकी वर्षं तसंच पाटावर टेकलेलं. मी रोज तीर्थ शिंपडत होते, ओली फुलं वाहत होते. ते पाणी झिरपून खालची पानं एकमेकांना चिकटून वडी झाली होती. कडेला कसर. भक्तीनं केलं सगळं, आणि देवाचंच पान कुजवलं.

आणि पान तरी कोणतं? पाचव्या माळेचं.

तुम्हाला आठवतं ना. पाचव्या अध्यायात ती बाई कडेवर पोर घेऊन नदीच्या काठाशी येते. नदीला पूर, मागे माणसं लागलेली, आणि ती देवीला हाक मारते. तिथे आमची पोथी संपते. चौदा नवरात्रं मी त्या बाईला काठावर उभी करून पोथी बांधली आहे. पुढच्या चार माळांना पुन्हा पहिल्यापासून वाचते, कारण दुसरं काय वाचणार? तुमच्याकडे ती सुरुवातीलाच पाण्यात असणार. ती कोण, कुठून आली, तुम्हाला माहीत नसणार.

तुम्ही म्हणाल, एकत्र होतो तेव्हा आठ वर्षं ऐकली की. कुठे ऐकली? मामंजी माजघरात वाचायचे आणि पाचव्या माळेला आपण दोघी चुलीपाशी कडाकण्या तळत असायचो. कडाकणी तेलात सोडली की ओवी बुडायची. तुम्ही म्हणायचात, "वैजू, बाई तरली का गं?" मी म्हणायचे, "कोण जाणे, माझी कडाकणी तरली." मग दोघी तोंडाला पदर लावून हसायचो आणि सासूबाई ओरडायच्या.

ते पान गेलं असतं, तर तुमच्या-आमच्या पोथीचा जोडच गेला असता. म्हणून उचलली आणि रिक्षानं गेले. ह्यांना सांगितलं, मंदिरात जाते.

मनात ठरवून गेले होते, कुणी चपलेनं आत आलेलं दिसलं तर तशीच परत फिरायची. गेले तर वरच्या दालनाबाहेर सगळ्यांच्या चपला. आत पाणी नाही, खाणं नाही. अश्विनी मॅडमनी कोपरापर्यंत हात धुतले, कोरडे केले, केस बांधले, हातातलं कडं काढून ठेवलं आणि मगच पोथीला हात लावला. मला म्हणाल्या, "काकू, तुम्हीही हात धुऊन घ्या, आणि बांगड्या जरा वर सारा." अहो, हे तर सोवळंच! आपल्या सासूबाई तिथे असत्या तर पाट टाकून बसल्या असत्या.

मी घाबरत विचारलं, "हे कुंकू पुसाल का?" कडेकडेनं बायकांच्या बोटांचे डाग आहेत ना. त्या म्हणाल्या, "नाही. कसर काढू, माती काढू. कुंकू राहू द्यायचं. ते तुमच्या घरातल्या माणसांचं आहे." मग मला खुर्ची दिली.

चिकटलेली पानं आपल्या दोघींच्या पोरींनी सोडवली. ओलसर टिपकागदात ठेवून, एकीनं धरायचं, दुसरीनं पट्टी सरकवायची. सबंध आठवडा चाललं होतं. पाचव्या माळेचं पान निघालं. कोपरा गेला, पण अक्षरं आहेत.

ते बघताना वृषाली सहज म्हणाली, "आमच्याकडच्या शेवटच्या पानावर पण अशी बोटं आहेत." मी म्हटलं, असणारच. घरात नवी सून आली की पहिल्या नवरात्रात, समाप्तीला, शेवटच्या पानावर कुंकवाचं बोट उमटवायची. तुमचं आहे, माझं आहे. तर ती म्हणाली, "हो, आई दर नवरात्रात त्यातल्या दोन बोटांवर नवं कुंकू लावते. एक तिचं. दुसरं कुणाचं म्हणून विचारलं, तर म्हणाली, आहे एकीचं, जुन्नरच्या."

ताई, तुमच्याकडची अर्धी पाठवा. तीस जूनच्या आत. जोडू द्या पोरींना.

वैजू

२१ जून

ती. शीलाताई,

मोठे भाऊजी येऊन गेले हे तुम्हाला कळलंच असेल. त्यांनी काय सांगितलं ते मला माहीत नाही, म्हणून घडलं तसं लिहिते.

सकाळी मोटारसायकल दारात थांबली. चौदा वर्षांत पहिल्यांदाच उंबऱ्याच्या आत आले, पण बसेनात. हे म्हणाले, "दादा, चहा घे आधी."

"चहा घ्यायला आलो न्हाई. पोरगी कामाला धाडली व्हती, देव गोळा करायला न्हाई."

"बरं, मग उभ्यानं भांड. मी पण उभा राहतो."

दोघं भाऊ चक्क उभे. मी आत, दाराआड. भाऊजी म्हणाले, "जोडायची म्हणता. जोडा. मग ठेवायची कुठं? तुझ्या घरी? म्हंजी आमच्या वाट्याचं बी तुझ्या देव्हाऱ्यात. माझ्या घरी ठिवली तर तुझी बायको झोपंल का? एवढ्यासाठीच तर तवा मधून केली."

ह्यांनी चहाचा कप खुर्चीशेजारी ठेवला.   वृषाली म्हणाली, "आप्पा, संग्रहालयात पेटी मिळते..." तर तिच्यावर डाफरले, "देव काय म्युझियममधी बसवायचा व्हय गं!"

ताई, मी त्यांच्याशी कधी समोरासमोर बोललेली नाही. त्या दिवशी दाराआडूनच बोलले. म्हटलं, "भाऊजी, कालव्याचं पाणी तुम्ही पाळीनं घेता ना? शेजाऱ्याशी बोलणं नसलं तरी त्याची पाळी कुणी मोडत नाही. तुम्हीही नाही, तोही नाही. मग देवीची पाळी का नको? वर्षभर पोथी तिथे पेटीत राहील, कसरीपासून, ओलीपासून दूर. नवरात्रात नऊ दिवस घरी येईल. एक वर्ष तुमच्याकडे, एक वर्ष आमच्याकडे. लेक सासरहून माहेरी येते तशी. मॅडमना मी विचारलं आहे, लिहून देतील म्हणाल्या. आणि पहिली पाळी थोरल्यांची."

 मग भाऊजी बसले. कप उचलला. "गार झाला," म्हणाले.

हे म्हणाले, "दुसरा टाकायला सांगतो."

"नको. साखर वाया घालवू नका." आणि तो गार चहा संपवून, हो की नाही काही न सांगता निघून गेले. जाताना वृषालीच्या हातावर पन्नासाची नोट ठेवली. ती म्हणते, "आप्पा, मला पगार आहे." तर म्हणाले, "असू दे. तो म्युझियमचा, ह्यो माझा."

आता दहाच दिवस उरलेत. रोज देवीपुढे एकच मागणं मागते. मी तुम्हाला घाई करत नाही. म्हणजे करते आहे, पण तुम्ही रागावू नका.

डब्यात यावेळी काही नाही, फक्त हे पत्र. काय घालावं ते सुचेना.

वैजू

२८ जून

ताई,

पोचली.

पोरगी दोन गाड्या बदलून आली, पण पोथी मांडीवरून खाली ठेवली नाही म्हणे. मंचरला कंडक्टर म्हणाला, "पिशवी वर रॅकवर टाक की." तर म्हणाली, "तिकीट काढते हवं तर, पण वर टाकणार नाही." कंडक्टरनं हात जोडले.

सोडून बघितली. वरची फळी नाही, म्हणून तुम्ही वर काय ठेवलं होतंत ते बघून मॅडमही चकित झाल्या. वृषालीची पहिलीतली पाटी! त्या पाटीमुळेच तुमचं वरचं पान सुखरूप राहिलं. तुम्हाला सुचलं. मला इतक्या वर्षांत खाली पुठ्ठासुद्धा घालायचं सुचलं नाही.

शेवटचं पान मी बघितलं. माझं बोट फिकं पडायला हवं होतं. तुमच्यापेक्षा गडद आहे.

आणि डबा. गुळानं गच्च भरलेला, झाकण बसेना म्हणून दोरीनं बांधलेला. मी देवापुढे ठेवला आहे. अजून गूळ फोडला नाही.

तुमची वैजू

जुन्नर, १४ सप्टेंबर

ती. शीलाताई,

घटस्थापना आठवड्यावर आली. कामं बरीच आहेत, तरी हे लिहितेच.

पेटीवर मालकाचं नाव कुणाचं घालायचं म्हणून मॅडमनी विचारलं होतं. दोघा भावांनी मिळून मामंजींचं घातलं. दोघांच्या सह्या खाली. सही करताना हे आणि भाऊजी एकाच पेनासाठी थांबले होते, कारण हे स्वतःचं पेन न्यायला विसरले, आणि वरच्या दालनात पोथ्यांजवळ शाईचं पेन चालतच नाही, पेन्सिलच चालते म्हणून बाहेरच्या टेबलावर जावं लागलं. भाऊजी म्हणाले, "इतकी वर्षं भांडान केलं तवा कुणी पेन मागितला न्हाई." शिपाईसुद्धा हसला.

मुलींचं काम जुलैच्या सुरुवातीलाच संपलं. प्रमाणपत्र मिळालं. पण मॅडमनी दोघींना दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा बोलावलं आहे, पगारावर. आमचे हे आता चौकात सगळ्यांना सांगतात, "शिकवतात आणि वर पैसे देतात, तुमच्या पोरांना पण घाला." जशी काही ह्यांचीच कल्पना. वृषालीनं एम. ए. ला हस्तलिखितांचा विषय घ्यायचा म्हटलं आहे. भाऊजींना पटवायला काही दिवस लागतील. लागू देत. त्यांचा चहा गार झाला की ते ऐकतात, एवढं मला कळलं आहे.

ठरल्याप्रमाणे पहिली पाळी तुमची. संस्कृती आणि वृषाली पेटी घेऊन आदल्या दिवशी पारगावला येतील. दोन फळ्यांच्या मध्ये, सगळी पानं एकत्र. त्यावर ओलं फूल वाहू नका. शेजारी तांब्यात ठेवा, देवीला पोचतं. तीर्थ घटावर शिंपडा.

पोरींनी फोटो काढताना सगळी वाचली आहे. त्या बाईचं काय झालं ते त्यांना माहीत आहे. संस्कृती परवा पोळी खाता खाता सांगायला निघाली होती, मी लाटणं उगारलं. इतकी वर्षं थांबले, आता पोरीच्या तोंडून फुकटात ऐकू? तुम्हीही वृषालीला बोलू देऊ नका.

आमचे घट बसवून, मी घरात नसताना इथली पूजा कोण करणार म्हणून ती ह्यांच्यावर सोपवून, मी पाचव्या माळेला येते. सकाळच्या गाडीनं. आधी मी वाचते. ती बाई काठाशी आली की मी थांबेन, आणि पुढचं पान तुम्ही घ्या. तुम्हाला पाठच असेल ते, तरी सावकाश वाचा.

आणि एक करा. कडाकण्या चौथ्या माळेलाच तळून ठेवा.

तुमची,
वैजू